परीक्षेतून आलेली इंग्रजी: नांदेड-लातूरच्या शाळांतील व्याकरण, अलंकार आणि निबंध

नांदेड आणि लातूर भागात इंग्रजी व्याकरणाचे शिक्षण मुंबई-पुण्याच्या मानाने उशिरा आले आणि वेगळ्या वाटेने आले. मुंबई इलाख्यात इंग्रजी ही सरकारची भाषा होती. ती शिकणाऱ्याला कचेरीत, कोर्टात, स्टेशनावर तिचा आवाज ऐकू येई. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाचा अंमल संस्थानावर नव्हता. दरबारचे दप्तर फारसीत चाले आणि १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. संस्थानातली सुमारे चौथा हिस्सा प्रजा मराठी बोलणारी होती, पण तिच्या भाषेला वरच्या शिक्षणात जागा नव्हती. इंग्रजीला होती, तीही दुय्यम. त्यामुळे या भागात इंग्रजी आली ती साहेबाच्या तोंडून नव्हे, तर परीक्षेच्या पेपरातून. व्याकरणाचा आग्रह, अलंकारांच्या याद्या आणि पाठ केलेले निबंध या तिन्हींचे मूळ त्यात आहे.

याला एक छोटा अपवाद आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवकडचा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. या पश्चिमेकडच्या भागाचा कारभार फिलिप मेडोज टेलर नळदुर्गात राहून पाहत होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. इंग्रजी गद्य लिहिणारा एक नावाजलेला लेखक अशा रीतीने या भागाचा अधिकारी होऊन गेला. पण १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. सात वर्षांच्या इंग्रजी अमलाने शाळांची परंपरा उभी राहिली नाही.

हैदराबादचे निजाम कॉलेज १८८७ पासून मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते आणि तिथे शिक्षण इंग्रजीत चाले. ते मूठभरांचे कॉलेज होते. मोठा बदल १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेव्हा झाला. या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. युरोपातली शास्त्रे उर्दूत आणण्यासाठी त्याला जोडून भाषांतर खातेही उभारले गेले. देशी भाषेतून उच्च शिक्षण हा प्रयोग त्या काळी धाडसी होता, त्याचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र नांदेड, कंधार किंवा औसा इथल्या मराठी मुलासाठी त्याचा अर्थ असा झाला की गणित-इतिहास उर्दूत शिकायचे, इंग्रजीही उर्दूतूनच समजून घ्यायची आणि घरी मराठी बोलायची.

या मुलांना इंग्रजी व्याकरण भेटले ते अरबी परंपरेच्या चौकटीतून. उर्दू व्याकरणात शब्दांचे मुख्य वर्ग तीनच: इस्म, फेल आणि हर्फ. नाम, सर्वनाम, विशेषण हे सारे इस्मात जाते, क्रियापद फेलात, आणि उरलेले अव्ययांचे गाठोडे हर्फात. काळही तीन: माझी, हाल आणि मुस्तकबिल. इंग्रजीच्या शब्दांच्या आठ जाती या तीन खणांत बसवताना शिक्षकाला कसरत करावी लागे. अलंकारांतही तेच होते. सिमिली म्हणजे तशबीह, मेटाफर म्हणजे इस्तिआरा, हायपरबोली म्हणजे मुबालगा. निबंधाला मजमून म्हणत. गझल-कसिद्यांच्या परंपरेत वाढलेली ही परिभाषा काटेकोर होती. तशबीहमध्ये कशाची तुलना, कशाशी, कोणत्या गुणामुळे आणि कोणत्या शब्दाने, हे घटक वेगळे काढून दाखवावे लागत. आजच्या गाइडमधल्या एका ओळीच्या स्पष्टीकरणापेक्षा ही पद्धत नक्कीच सरस होती.

नांदेडला व्याकरण आणि अलंकार हे विषय नवे नव्हते. गोदाकाठच्या या गावाशी शेष घराण्याचे नाव जोडले जाते. काशीला गेलेल्या शेष पंडितांनी संस्कृत व्याकरणाची मोठी परंपरा चालवली. ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिणारे भट्टोजी दीक्षित हे शेष कृष्णाचे शिष्य. मराठीतला ‘यमक्या’ वामन पंडितही याच शेष घराण्यातला मानला जातो. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे भामह, दंडी, मम्मट यांच्या हाती त्यांची संख्या वाढत गेली. म्हणजे विसाव्या शतकात नांदेडच्या एखाद्या वर्गात इंग्रजी कविता उघडली जाई, तेव्हा अलंकार ओळखण्याच्या तीन परंपरा तिथे एकत्र येत: पंडिती, फारसी-उर्दू आणि इंग्रजी. त्यांची तुलना करून शिकवले गेले असते तर काय बहार आली असती! पण प्रश्नपत्रिकेला तिसरीच हवी होती.

संस्थानी शिक्षणाला पर्याय म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या खासगी शाळा निघाल्या. अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय आणि धाराशिव भागातली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही त्यांतली ठळक नावे. हिप्परग्याला आणि नंतर अंबाजोगाईला शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, यांचे शालेय शिक्षण मुंबई इलाख्यातल्या सोलापुरात झाले होते. लातूर-धाराशिवकडच्या बऱ्याच मुलांचा ओढा सोलापूरकडे असे, कारण बार्शी लाइटची छोटी गाडी तिकडेच जाई. नांदेडची गाडी मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची, त्यामुळे नांदेडचे तोंड हैदराबादकडे. सोलापूरहून येणारे पुस्तक मराठीतून इंग्रजी शिकवणारे असे, हैदराबादहून येणारे उर्दूतून. स्वामीजींनी हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आठवणी लिहिल्या त्या इंग्रजीत, आणि ‘मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल’ हे पुस्तक १९६७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. संस्थानाबाहेरच्या वाचकापर्यंत पोचायचे तर इंग्रजीच हवी, हे त्यांच्या पिढीने ओळखले होते.

या काळात देशभर इंग्रजी व्याकरणावर दोन नावांचे राज्य होते. पहिले जे. सी. नेसफील्ड. ते वायव्य प्रांतातल्या शिक्षण खात्याचे संचालक होते आणि त्यांचे ‘मॅन्युअल ऑफ इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ १८९८ चे. वाक्य फोडणे, प्रत्येक शब्द व्याकरणाने चालवणे आणि सुटी वाक्ये पुन्हा जोडणे ही त्यांची रीत. दुसरे नाव जोडनावच आहे: रेन आणि मार्टिन. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. फ्रेंच परदेशी पलटणीवरच्या ‘बो जेस्ट’ (१९२४) या साहसकथेने ते इंग्लंडात प्रसिद्ध झाले, पण भारतात त्या कादंबरीचे नाव आज थोड्यांनाच ठाऊक असेल. इथे त्यांचे व्याकरण अमर झाले. १९३० च्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी काढलेले हे पुस्तक पुढे एस. चंद यांच्याकडे गेले आणि अजून छापले जाते. तिसरे पुस्तक मराठी मुलखापुरते: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. त्यात आधी शब्द, मग नियम, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. शिक्षकाशिवाय इंग्रजी शिकणाऱ्या कितीतरी घरांत हेच पुस्तक मास्तर होते.

१९४८ नंतर मराठवाड्यातल्या शाळांचे माध्यम उर्दूवरून मराठी झाले. हा बदल इंग्रजीच्या वर्गालाही मानवला, त्याचे कारण थोडे गमतीचे आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. शालेय मराठी व्याकरणाने शब्दांच्या आठ जाती मानल्या, नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत, त्या इंग्रजीच्याच आठ जातींशी जुळणाऱ्या. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हेही मराठीत इंग्रजीवरून, मुख्यतः मेजर कँडी यांच्या खटपटीने रुळली. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाला नाउन, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब यांचे खण आधीच तयार मिळाले. इस्म-फेल-हर्फ घोकलेल्या मोठ्या भावापेक्षा धाकट्याला ही वाट सोपी गेली असणार.

अडचण होती ती वेगळ्या ठिकाणी. मराठीत ‘त्याने आंबे खाल्ले’ म्हटले की क्रियापद आंब्यांच्या मागे जाते. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागेच राहते, आणि भूतकाळात तर ‘वॉज-वेअर’ वगळता कोणासाठीच बदलत नाही. मराठीत भावे प्रयोग आहे, इंग्रजीत त्याला जोड नाही. इंग्रजीतली आर्टिकल्स मराठीत नाहीत, म्हणून ‘द’ कुठे घालायचा हा प्रश्न पदवीपर्यंत सुटत नाही. याच्या जोडीला इथली बोली. नांदेड-लातूरचे पोर ‘मी जात आहे’ असे कधी म्हणत नाही, ते म्हणते ‘मी जायलोय’. त्याला विचारतातही ‘काय करायलास?’ असे. चालू वर्तमानकाळाचा तक्ता फळ्यावर येतो तो मात्र प्रमाण मराठीत. मुलाने आधी ‘जायलोय’चे ‘जात आहे’ करायचे आणि मग ‘आय अ‍ॅम गोइंग’. वास्तविक ‘जायलोय’ हे एकच रूप चालू क्रियेसाठी चोख आहे. त्याच्याशी थेट जोड लावली असती तर ‘आय गो’ आणि ‘आय अ‍ॅम गोइंग’ यांतला फरक पहिल्याच तासाला कळला असता. बोली वर्गाबाहेर ठेवण्याची किंमत मराठीच्या तासाइतकीच इंग्रजीच्या तासालाही मोजावी लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली होती. महाराष्ट्र झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीवर आली आणि तिथे दीर्घकाळ राहिली. १ जानेवारी १९६६ पासून राज्य परीक्षा मंडळ कामाला लागले, २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली. १९५८ मध्ये हैदराबादला निघालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून वाक्यरचनांवर आधारलेली नवी अध्यापनपद्धती देशभर पसरत होती: नियम सांगू नका, सोपी वाक्ये पायरीपायरीने वदवून घ्या. पुस्तके त्या पद्धतीने लिहिली गेली, पण वर्गात नेसफील्डच चालू राहिला. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाकडून वाक्य वदवून घेण्यापेक्षा नियम फळ्यावर लिहिणे सोपे होते, आणि पेपरात तोच विचारला जात होता.

मंडळाच्या पेपरातले व्याकरण म्हणजे ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’. अ‍ॅक्टिव्हचे पॅसिव्ह करा, डायरेक्टचे इनडायरेक्ट करा, डिग्री बदला, ‘टू’ काढून ‘सो... दॅट’ घाला, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’च्या जागी ‘नो सूनर... दॅन’ आणा, क्वेश्चन टॅग जोडा. या रूपांतराला ठरलेली सूत्रे आहेत, आणि सूत्र म्हटले की गणितात तरबेज विद्यार्थ्याला ते जमते. वाक्याचा अर्थ न कळताही पूर्ण गुण मिळू शकतात, हा या प्रश्नाचा गुण म्हणावा की दोष, यावर शिक्षकांत एकमत होणे अवघड. ग्रामीण विद्यार्थ्याला हे हमखास गुण तारून नेत, एवढे मात्र खरे. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र कधी आले नाही, त्या घरातला मुलगा कॉन्व्हेंटच्या मुलाच्या बरोबरीने गुण मिळवू शके तो याच प्रश्नात.

अलंकारांचेही असेच सूत्र झाले. ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसले की सिमिली, ‘ओ’ दिसले की अपॉस्ट्रॉफी, एकाच अक्षराने सुरू होणारे दोन-तीन शब्द शेजारी दिसले की अ‍ॅलिटरेशन. सूत्र बहुतेक वेळा चालते आणि फसते तेव्हा साफ फसते. ‘अ‍ॅज’ हा ‘तेव्हा’ किंवा ‘म्हणून’ या अर्थाने आलेला असतो आणि मुलगा तिथे उपमा शोधत बसतो. मराठीतून येणाऱ्या ज्ञानाची मदत होते ती उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, श्लेष आणि विरोधाभास यांपुरती. ऊस मान टाकून पाण्याची वाट पाहतो असे म्हटले, तर ती मराठीत चेतनगुणोक्ती आणि इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन. पण मराठीतल्या उत्प्रेक्षेला इंग्रजीच्या शालेय यादीत स्वतंत्र घर नाही. ‘जणू’ने केलेली कल्पना सिमिलीत ढकलावी लागते, आणि उपमेशी असलेले तिचे नाजूक अंतर पुसले जाते. उलट ट्रान्सफर्ड एपिथेट, म्हणजे माणसाचे विशेषण वस्तूला लावणे, हे मराठी बोलण्यात आढळते, पण शालेय व्याकरणाने त्याला नाव दिलेले नाही. म्हणून विद्यार्थी इंग्रजी नाव घोकतो आणि आपल्या बोलण्यातले उदाहरण त्याला दिसत नाही.

अलंकाराचा याहून खोल विचार नांदेडातच चालू होता, पण इंग्रजीच्या वर्गाबाहेर. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. सुरुवातीला ते उस्मानियाला आणि १९५८ नंतर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेले होते. इथे मराठी शिकवणारे आणि पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार अडकलेले विद्यार्थी होते. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’. आय. ए. रिचर्ड्‌स हा केंब्रिजचा समीक्षक. रूपकात सांगायची गोष्ट आणि तिला वाहून नेणारी गोष्ट असे दोन घटक असतात आणि अर्थ त्यांच्या परस्परसंबंधातून निपजतो, अशी मांडणी त्याने १९३६ मध्ये केली. सी. के. ऑग्डेनच्या ८५० शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’चा (१९३०) तो मोठा प्रचारकही होता. नाट्यशास्त्राचा अभ्यास असलेल्या कुरुंदकरांनी रिचर्ड्‌स मराठीत समजावून दिला. परीक्षेत मागे पडलेला माणूस इंग्रजी विचाराशी बरोबरीने वाद घालतो, हे दृश्य त्या परीक्षेबद्दल बरेच काही सांगून जाते.

निबंधाची गोष्ट सर्वांत घसरलेली. युरोपात या प्रकाराची सुरुवात माँतेन (१५८०) आणि बेकन (१५९७) यांच्यापासून मानतात. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून निघू लागली. या लेखकांसाठी निबंध म्हणजे स्वतःच्या डोक्याने एखाद्या विषयाचा माग काढणे. शाळेत आल्यावर त्याचे मोजमाप झाले: ठरावीक शब्द, ठरावीक परिच्छेद, प्रारंभी सुविचार, अखेरीस बोध. विषयही तेच राहिले. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, मी पंतप्रधान झालो तर, विज्ञान शाप की वरदान, थंड हवेच्या ठिकाणची सहल. अहमदपूर किंवा देगलूरच्या मुलाने न पाहिलेल्या महाबळेश्वरावर इंग्रजीत लिहायचे, तर पाठ करण्याला पर्याय काय? गाइड आणि ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच यांनी ती गरज भागवली. ‘पाणी वाचवा’ हाही असाच तयार निबंध. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या विषयावर स्वतःचे लिहिण्याजोगे लातूरच्या प्रत्येक मुलाकडे होते.

लातूरचे नाव मात्र याच परीक्षेने मोठे केले. १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. १९७५ ची दहावी आणि १९७७ ची बारावी या नव्या आकृतिबंधाच्या पहिल्या परीक्षा. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत लिहिले आणि दलित लेखकांच्या पिढीला ते वाचन उपयोगी पडले. इंग्रजी भाषेचा असा वापर हा या भागातल्या इंग्रजी शिक्षणाचा सर्वांत भरघोस परतावा म्हणता येईल. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा वाघमारेच त्याचे पहिले कुलगुरू झाले.

‘लातूर पॅटर्न’ हे नाव १९९० च्या दशकात राज्यभर झाले. सुट्ट्यांत जादा तास, सतत चाचण्या, उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवणे आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवणे, एवढाच त्याचा गाभा. गुणवत्ता यादीच्या काळात या पद्धतीत इंग्रजीला मोठे मोल होते. गणित-विज्ञानात पहिल्या फळीतले सगळेच पैकीच्या पैकीच्या आसपास असत, त्यामुळे यादीतला क्रमांक भाषांच्या पेपरांत ठरे. म्हणून निबंधाचे अक्षर, समास, अधोरेखन, अवतरणे यांचाही सराव होई. तपासणाऱ्याच्या डोळ्याला काय आवडते याचा इतका बारीक अभ्यास क्वचितच कुठे झाला असेल. यादी बंद झाली आणि वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश वेगळ्या परीक्षांवर गेले, तसे हे मोल उतरले.

दरम्यान जून २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. संवाद, भाषण, बातमी, मुलाखतीचे प्रश्न, एखाद्या मताची उलट बाजू मांडणे असे लेखनप्रकार निबंधाच्या शेजारी येऊन बसले. बारावीच्या ‘युवकभारती’त आता कादंबरी हा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ज्यूल्स व्हर्नची ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा, शेरलॉक होम्सची ‘द साइन ऑफ फोर’ आणि ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’ यांचे उतारे आहेत. यातली शेवटची तर एका शिक्षकाचीच कथा. पण लातूर-नांदेडमध्ये बारावी विज्ञानाला येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या ७२० गुणांभोवती फिरतो, आणि ते भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे. वैद्यकीय प्रवेशाच्या पात्रतेत इंग्रजीचे काम बारावीला ती उत्तीर्ण असण्यापुरते आहे, आणि उत्तीर्ण व्हायला शंभरापैकी ३५ गुण पुरतात.